उरलेल्या श्वासाचा हिशेब

माझ्या पेशाचा जन्म लंडनमध्ये १८४६ साली झाला असं मी मानते. जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरनं त्या वर्षी श्वासाच्या मोजमापावरचा आपला मोठा निबंध प्रसिद्ध केला. पाण्यात उपडं घातलेलं पत्र्याचं पिंप, त्याला जोडलेली नळी आणि बाजूला मोजपट्टी, एवढंच त्याचं यंत्र. माणसानं छाती भरून श्वास घ्यायचा, नळीत सगळा सोडायचा, पिंप किती वर चढलं ते वाचायचं. हचिन्सननं २,१३० जणांना असं फुंकायला लावलं. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, आगीचे बंबवाले, कुस्तीगीर, गरीबखान्यातले कंगाल आणि प्रतिष्ठित गृहस्थही होते. उंचीच्या प्रमाणात फुंकर वाढते आणि छातीला रोग जडला की ती घटते, हे त्यानं आकड्यांनी दाखवलं. आयुर्विम्याच्या कंपन्यांना हे यंत्र उपयोगी पडेल अशी त्याला आशा होती. पुढं तो ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणींच्या मुलखात गेला आणि १८६१ साली फिजी बेटांवर वारला. आपल्या यंत्रावर एक दिवस औषधांचा निवाडा होईल, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात, फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या खोलीत, तंत्रज्ञ म्हणून माझी सारी नोकरी झाली. रुग्ण तिला ‘फुंकायची खोली’ म्हणत. सुरुवातीला आमच्याकडंही पाण्याचंच यंत्र होतं. फिरत्या ढोलावर कागद आणि त्यावर शाईनं रेघ काढणारं पेन. मग संगणक आला, पडद्यावर आलेख उमटू लागला. आमचं ओरडणं मात्र तेच राहिलं. नाकाला चिमटा लावायचा आणि म्हणायचं, “घ्या, घ्या, अजून घ्या, आणि सोडा! सोडत राहा, सोडत राहा, संपेपर्यंत सोडा!” बाहेर बाकावर बसलेल्यांना आत भांडण चाललंय असं वाटे.

या खोलीत बसणाऱ्याला फुंकरीवरून रोग ओळखू येऊ लागतो. दमेकऱ्याची फुंकर लांबते. हवा आत भरपूर असते, नळ्या आवळलेल्या असतात, त्यामुळं ती शिटी घालत बराच वेळ येत राहते. फायब्रोसिसच्या रुग्णाची फुंकर याच्या उलट. ती झपकन येते आणि झपकन संपते. नळ्या मोकळ्या, पण फुप्फुसच आक्रसलेलं. भाजल्यावर कातडी जशी ताठर आणि आखूड होते, तशा इथं हवेच्या फुग्यांच्या भिंती व्रणांनी जाड आणि ताठ झालेल्या असतात. हवा कमी मावते आणि जी मावते तिच्यातला प्राणवायू त्या जाड भिंतीतून रक्तापर्यंत नीट पोचत नाही. ही दुसरी अडचण मोजायची रीत कोपनहेगनच्या मारी क्रोग या बाईंनी १९१५ साली मांडली. एका श्वासाबरोबर अगदी नगण्य कार्बन मोनॉक्साइड आत घ्यायचा, थोडा वेळ श्वास रोखायचा आणि किती वायू रक्तात उतरला ते पाहायचं. आजही आम्ही ‘डीएलसीओ’ म्हणून तेच करतो. त्या काळात एका बाईनं हे काम केलं याचा मला फार अभिमान वाटतो.

फायब्रोसिसचे रुग्ण आमच्याकडं यायचे ते बहुधा उशिरा. वर्ष-दोन वर्षं कोरडा खोकला, जिना चढताना धाप, बोटांची टोकं फुगलेली, नखं वाटोळी झालेली. हातात जाडजूड फाइल आणि त्यात क्षयाच्या गोळ्यांचा एक पुरा कोर्स, कधी दोन. थुंकीत जंतू सापडलेले नसायचे, पण एक्स-रेवर डाग दिसला की आपल्याकडं पहिला संशय क्षयावर जातो, आणि तो का जातो हेही समजण्यासारखं आहे. पण त्या कोर्सांत जे महिने जात, ते परत येत नसत.

वैद्यकाला हा रोग ठाऊक नव्हता असं नाही. डब्लिनच्या डॉमिनिक कॉरिगननं १८३८ सालीच आक्रसून घट्ट झालेल्या फुप्फुसांवर लिहून ठेवलं होतं. पण विसाव्या शतकात त्याची खरी चर्चा सुरू झाली ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या लुई हॅमन आणि अर्नोल्ड रिच या दोघांमुळं. त्यांनी १९३५ साली पहिलं टिपण वाचलं आणि १९४४ साली चार रुग्णांची सविस्तर हकिकत छापली. चौघांची फुप्फुसं झपाट्यानं व्रणांनी भरली आणि चौघंही गेले. त्यानंतर कित्येक वर्षं जगभर फायब्रोसिसला ‘हॅमन-रिच’ म्हणायची पद्धत पडली. आमच्या जुन्या फाइलींवर ते नाव मी स्वतः वाचलं आहे. प्रत्यक्षात त्या चौघांचा रोग वेगळा, फार वेगवान होता, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झालं. आपल्याला नेहमी भेटणारा फायब्रोसिस वर्षानुवर्षं हळूहळू चढत जातो.

उपचाराची गोष्ट सुरू होते १९४८ साली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं आणि त्या काही दिवसांत चालू लागल्या. दोनच वर्षांनी, १९५०मध्ये, हेंच यांना नोबेल पारितोषिक मिळालं. सूज आहे तिथं स्टेरॉइड, असा जणू नियमच झाला. फुप्फुसाबद्दलचा विचारही सरळ होता: आधी सूज येते, सूज राहिली की व्रण होतो, म्हणून सूज मारली की व्रण थांबेल. काही रुग्णांना खरोखरच गुण येई, त्यामुळं विश्वास वाढत गेला. तो गुण कुणाला आला आणि कुणाला नाही, याची चाळणी लावायची साधनं तेव्हा नव्हती. सगळ्यांना एकच औषध, प्रेडनिसोलोन.

त्या गोळ्यांवरचे रुग्ण मी वर्षानुवर्षं पाहिले. चेहरा गोल होई, पोट सुटे, कातडी पातळ होऊन जरा लागलं तरी काळंनिळं पडे. साखर वाढे. हाडं ठिसूळ होत. जुना क्षय दडून बसलेला असेल तर तो डोकं वर काढी. आणि तरीही रुग्ण खुशीत येई. “ताई, भूक लागते आता, वजनही वाढलंय, म्हणजे गुण येतोय ना?” असं परळच्या एका गिरणी कामगारानं मला विचारलं होतं. स्टेरॉइडनं भूक वाढते आणि मनाला तरतरी येते. माझ्या पडद्यावर मात्र त्यांची फुंकर मागच्या वेळेपेक्षा कमी आलेली होती. मी तंत्रज्ञ, निदान सांगायचा अधिकार माझा नाही. “डॉक्टरांना दाखवा कागद,” एवढंच म्हणाले.

नव्वदच्या दशकात स्टेरॉइडच्या जोडीला ॲझाथायोप्रिन आलं. त्याचा आधार म्हणून १९९१ सालचा जो अभ्यास सांगितला जाई, त्यात अवघे २७ रुग्ण होते. २००० साली अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी मिळून मार्गदर्शन केलं, तेव्हा पुरावा तोकडा आहे हे मान्य करूनही स्टेरॉइड आणि सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं औषध हाच मार्ग सुचवला. दुसरं काही हातात नव्हतं. २००५ साली एन-ॲसिटिलसिस्टीन हे तिसरं औषध भरीला आलं आणि तिन्हींचा मिळून एक ठरलेला नुस्खा झाला. तो आमच्याकडंही चालला, परदेशातही चालला.

मग आला २०११चा ऑक्टोबर. अमेरिकेत ‘पँथर’ नावाचा अभ्यास चालू होता. कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसचे, ज्याला डॉक्टर ‘आयपीएफ’ म्हणतात त्याचे, ७७ रुग्ण या तीन औषधांवर होते आणि ७८ रुग्णांना नुसती दिखाऊ गोळी दिली जात होती. मधल्या तपासणीत दिसलं की तीन औषधांच्या गटात आठ जण गेले, दिखाऊ गोळीच्या गटात एक. रुग्णालयात भरती व्हावं लागलेले तिकडे २३, इकडे ७. अभ्यासाचा तो भाग तिथंच थांबवण्यात आला. साठ वर्षं ज्या विचारानं उपचार चालले, तो या रोगापुरता नुसता निरुपयोगी नव्हता, घातक होता. आमच्या विभागात त्या बातमीवर बैठक झाली तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. दोष कुणा एका डॉक्टरचा नव्हता. पण ज्या रोगावर उपाय नाही, त्यावर काहीतरी दिल्यावाचून राहवत नाही, या घाईची किंमत रुग्णांनी मोजली, आणि ती सांगितली गेली पाहिजे.

तोवर प्रयोगशाळांत विचाराची दिशा बदललेली होती. आयपीएफमध्ये सूज हे मूळ नाही; फुग्यांच्या अस्तराला पुन्हा पुन्हा बारीक इजा होते आणि ती भरून काढणाऱ्या पेशी थांबायचं विसरतात, व्रण घालतच राहतात, असं दिसू लागलं. म्हणजे औषध हवं ते व्रण घालणाऱ्या पेशींना आवरणारं. पिरफेनिडोन हे असं पहिलं औषध. जपाननं ते २००८ साली मंजूर केलं. भारतात ते २०१०मध्ये आलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आणखी पुरावा मागून ते परत पाठवलं होतं. शेवटी १५ ऑक्टोबर २०१४ या एकाच दिवशी अमेरिकेत पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या दोन्हींना मंजुरी मिळाली.

आणि इथं हचिन्सनचं पिंप परत येतं. ही औषधं लागू पडतात हे ठरवलं कशावर? फुंकरीवर. निंटेडॅनिबच्या दोन जोड-अभ्यासांत मिळून हजारावर रुग्ण होते. त्यांतल्या पहिल्यात, औषध न घेणाऱ्यांची फुंकर वर्षाला सुमारे २४० मिलिलिटरनं घटली आणि घेणाऱ्यांची सुमारे ११५नं. निरोगी माणसाचीही वयाबरोबर वर्षाला पंचवीस-तीस मिलिलिटर जातेच. म्हणजे औषधानं गेलेलं परत आणलं नाही, घसरणीचा वेग निम्मा केला. त्या काळी निदानानंतर तीन ते पाच वर्षं एवढंच सरासरी आयुष्य सांगितलं जायचं. त्या रोगात निम्मा वेग ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मी ती पडद्यावर पाहिली आहे. तीन-तीन महिन्यांचे कागद शेजारी ठेवल्यावर रेघ पूर्वीसारखी कोसळत नाही, हे पाहताना मला भरून आलं होतं.

रुग्णाला मात्र हे जाणवत नाही. खोकला तसाच, धाप तशीच. वर औषधाचा त्रास वेगळा. पिरफेनिडोन दिवसातून तीनदा, भरल्या पोटी घ्यावं लागतं, नाहीतर मळमळून जेवण नकोसं होतं. आणि आपल्याकडं कितीजण तीन वेळा पोटभर जेवतात? उन्हात गेलं की कातडी भाजून निघते, म्हणून टोपी, छत्री, लांब बाह्या. भायखळ्याच्या मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींनी या गोळ्या सुरू केल्या आणि त्यांना जागा बदलून छपराखाली बसावं लागलं. पूर्वीची गिऱ्हाइकं तुटली. निंटेडॅनिबनं जुलाब होतात, यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. खर्च तर महिन्याच्या महिन्याला. “घेऊन बरं वाटत नाही, मग का घेऊ?” या प्रश्नाला उत्तर द्यायला मला ते दोन कागद फार उपयोगी पडले. शेजारी शेजारी ठेवायचे आणि दाखवायचं.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण इथं लोकांचा फार गोंधळ होतो. प्रत्येक फायब्रोसिस म्हणजे आयपीएफ नव्हे. बारीक काप घेणारा सीटी स्कॅन १९८०च्या दशकात आला आणि व्रणांची ठेवण पाहून प्रकार वेगळे काढता येऊ लागले. स्क्लेरोडर्मा किंवा आमवातासारख्या रोगांत फुप्फुसं व्रणांनी भरतात, तिथं मायकोफेनोलेटसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं आजही कामाची आहेत. ज्यांचे व्रण काहीही केलं तरी वाढत राहतात, अशा इतर प्रकारांतही निंटेडॅनिब उपयोगी पडतं हे २०१९ साली सिद्ध झालं. आणि एक मोठा प्रकार ॲलर्जीचा. श्वासातून रोज आत जाणाऱ्या बुरशीमुळं किंवा पक्ष्यांच्या विष्ठेमुळं आणि पिसांमुळं होणारा. इंग्लंडच्या शेतकऱ्यांत कुजक्या गवताच्या बुरशीमुळं होणारा आजार १९३२ साली नोंदला गेला, तर कबुतरं पाळणाऱ्यांचा १९६५ साली अमेरिकेत.

आपल्यासाठी हा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आहे. भारतातल्या १९ शहरांतल्या १,०८४ रुग्णांची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यात या ॲलर्जीच्या प्रकाराचे रुग्ण सत्तेचाळीस टक्के होते, आयपीएफचे चौदा टक्क्यांच्या आत. ॲलर्जीवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या भोवती एअर कूलर होते. विदर्भात ज्यांचा उन्हाळा कूलरशिवाय सरत नाही, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. वर्षानुवर्षं न बदललेले ताटवे, तळाशी साचलेलं हिरवट पाणी आणि त्यावरून रात्रभर तोंडावर येणारा वारा.

मुंबईत हाच प्रश्न कबुतरांचा आहे. दादरचा कबुतरखाना १९३३चा. दाणे टाकणाऱ्यांची भावना जीवदयेची, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण खिडकीच्या जाळीवर, एसीच्या मागं आणि डक्टमध्ये वाळलेल्या विष्ठेची धूळ घरात येते, हे मी रुग्णांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पत्ता विचारण्याच्या आधी मी “खिडकीत कबुतरं बसतात का?” हे विचारू लागले. जुलै २०२५मध्ये राज्य सरकारनं शहरातले ५१ कबुतरखाने बंद करायचं जाहीर केलं, दादरला ताडपत्री घातली गेली, ती आंदोलकांनी काढली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. माझं मत स्पष्ट आहे: माणसांच्या वस्तीत, दवाखान्यांच्या आणि शाळांच्या आसपास दाणे टाकणं थांबलं पाहिजे. या प्रकारात कारण वेळीच दूर केलं आणि सुरुवातीला स्टेरॉइड दिलं, तर फुंकर सुधारलेलीही मी पाहिली आहे. एवढं भाग्य आयपीएफवाल्यांच्या वाट्याला येत नाही.

फुप्फुस बदलायच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही स्टेरॉइडशी जोडलेला आहे. जेम्स हार्डी यांनी मिसिसिपीत १९६३ साली पहिलं फुप्फुस बसवलं, तो रुग्ण १८ दिवस जगला. पुढच्या वीस वर्षांत जगभर चाळीसहून अधिक प्रयत्न झाले. कुणीच फार जगलं नाही. श्वासनलिकेचा जोड भरून येत नसे, उसवे. टोरांटोच्या जोएल कूपर यांच्या गटानं शोधून काढलं की सुरुवातीला दिलेल्या भारी स्टेरॉइडमुळं तो जोड भरत नाही. त्यांनी सुरुवातीला स्टेरॉइड टाळलं, सायक्लोस्पोरीन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं, पोटातल्या पडद्याचा एक पदर वर ओढून जोडाभोवती गुंडाळला आणि नोव्हेंबर १९८३मध्ये टॉम हॉल या ५८ वर्षांच्या माणसाला फुप्फुस दिलं. हॉल यांना फायब्रोसिसच होता. ते सहा वर्षांहून जास्त जगले. आज चेन्नई, हैदराबाद, मुंबईत ही शस्त्रक्रिया होते, पण अवयव थोडे, खर्च प्रचंड आणि वयाची मर्यादा आहेच. आमच्या खोलीत येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांपर्यंत ती पोचली.

बाकीच्यांसाठी जे आहे ते साधं आहे आणि त्याला उपचार म्हणायला लोक तयार नसतात. ऑक्सिजन, चालणं, खोकल्याचा आराम. घरी ऑक्सिजन आला की नातेवाईक कुजबुजतात, ‘शेवट जवळ आला’. २०१८च्या एका ब्रिटिश अभ्यासात चालताना ऑक्सिजन वापरणाऱ्या अशा रुग्णांचं रोजचं जगणं स्पष्टपणे सुसह्य झालं. करोनानंतर कॉन्सन्ट्रेटर घराघरांत ओळखीचा झाला, एवढं त्या काळानं दिलं. पण तो विजेवर चालतो. गावाकडं भारनियमन असेल तर इन्व्हर्टर किंवा भरलेला सिलिंडर जवळ हवाच.

चालण्याची चाचणी १९८२ सालापासून सहा मिनिटांची आहे. आमच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात आम्ही ती घेत असू, बोटाला ऑक्सिमीटर लावून. बसल्या जागी ९६ दाखवणारा माणूस चौथ्या फेरीत ८२वर येतो, हे नातेवाईकांनी डोळ्यांनी पाहिलं की “हे आळस करतात” ही तक्रार बंद होई. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८मध्ये दाखवलं की देखरेखीखाली काही आठवडे व्यायाम केला तर या रुग्णांचं चालणं वाढतं, धाप कमी होते. हा फायदा व्यायाम चालू ठेवला तरच टिकतो. खोकल्यावर अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिन उपयोगी पडतं याचा पक्का पुरावा २०२४ साली आला. ते नाव ऐकून घाबरू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं तर रात्रीची झोप परत येते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी, सिगारेट-विडी बंद, आम्लपित्ताकडं लक्ष, हे सगळंही यातच धरावं.

ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकेत नेरँडोमिलास्ट या नव्या गोळीला मंजुरी मिळाली, दहा-अकरा वर्षांनी आलेलं आयपीएफचं पहिलं नवं औषध. तेही घसरण मंदावतं, व्रण मिटवत नाही. म्हणून जितक्या लवकर सुरुवात, तितकी जास्त फुंकर हाताशी राहते.

तेव्हा घरात कुणाला दोन-तीन महिने कोरडा खोकला असेल, पूर्वी सहज चढायचा तो जिना आता जड जात असेल, तर “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. थुंकीच्या तपासणीत जंतू सापडला नसेल तर क्षयाच्या औषधांचा दुसरा कोर्स सुरू करण्याआधी छातीच्या डॉक्टरांना विचारा: स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकरीची चाचणी, आणि डीएलसीओ करू का, बारीक कापांचा सीटी स्कॅन काढू का? कबुतरं, कूलर, ओल धरलेल्या भिंती, कामावरची धूळ यांबद्दल त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. आणि तपासणीचा प्रत्येक कागद तारखेसह जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच करायची असते.